आधी स्वतःची तपासणी

(वृद्धाश्रम, वसतिगृहे आणि रुग्णसेवा केंद्रे येथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सेवेविषयी बोलताना आपण बहुधा सेवा घेणाऱ्याच्या दुःखापासून प्रारंभ करतो. आज मला सेवा देणाऱ्याच्या शरीरापासून प्रारंभ करायचा आहे. अंथरुणाला खिळलेले आजोबा बाजारात जात नाहीत, लग्नाकार्याला जात नाहीत, लोकलच्या गर्दीत उभे राहत नाहीत. मग त्यांच्या खोलीत साथीचा रोग शिरतो कसा? तो कुणीतरी आणून पोहोचवावा लागतो. आणि त्या खोलीत दिवसातून चार-सहा वेळा जाणारी व्यक्ती कोण, तर त्यांना भरवणारी, पुसणारी, त्यांची कूस बदलणारी मावशी. ज्या हातांचा त्यांना आधार, तेच हात रोगाची वाट होऊ शकतात. हे ऐकायला कटू आहे. पण या वर्गात कटू बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

कोरोनाच्या काळात काही देशांनी या गोष्टीची फार मोठी किंमत मोजली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका शुश्रूषागृहातील रहिवाशांची तपासणी झाली. ४८ जण बाधित निघाले. त्यांपैकी २७ जणांना तपासणीच्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते. त्यांतील २४ जणांना लक्षणे नंतर दिसू लागली. म्हणजे कपाळाला हात लावून आणि खोकल्याचा आवाज ऐकून रोग ओळखण्याची आपली परंपरागत रीत तेथे निम्म्याहून अधिक वेळा फसली असती. त्याच परिसरातील दुसऱ्या एका शुश्रूषागृहातून साथ इतर संस्थांत कशी पसरली याचा शोध घेतला गेला, तेव्हा पुढे आलेल्या कारणांत दोन ठळक होती : लक्षणे असूनही कामावर येत राहिलेले कर्मचारी आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करणारे कर्मचारी.

इंग्लंडची कथा अधिक बोलकी आहे. तेथे वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांना केअर होम म्हणतात. २०२० च्या वसंतात रुग्णालयांतील खाटा रिकाम्या करण्यासाठी अनेक वृद्धांना तपासणीविनाच या संस्थांत पाठवले गेले. १५ एप्रिल २०२० ला धोरण बदलले, परंतु तोवर हानी होऊन गेली होती. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या काळात इंग्लंडमधील केअर होमच्या ३९ हजारांहून अधिक रहिवाशांचे कोरोनाने मृत्यू झाल्याची नोंद तेथील नियामक संस्थेकडे आहे. ज्यांचे वडील या साथीत गेले अशा दोन मुली न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने निकाल दिला, की लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडूनही संसर्ग पसरू शकतो हा धोका विचारात न घेता आखलेले ते धोरण बेकायदा होते.

या आघातानंतर तेथे नियमित तपासणीची शिस्त उभी राहिली. जुलै २०२० पासून केअर होममधील कर्मचाऱ्यांची आठवड्याला एक आणि रहिवाशांची साधारण महिन्याला एक चाचणी सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या जोडीला लॅटरल फ्लो, म्हणजे नाकातील स्राव घेऊन काही मिनिटांत निकाल देणारी अँटिजेन चाचणी आली. फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक पाळीपूर्वी ही चाचणी करून कामावर यावे, असा नियम झाला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर, साथ ओसरल्यावर, लक्षणे नसलेल्यांची नियमित चाचणी थांबवण्यात आली. केव्हा चालू करायचे आणि केव्हा थांबवायचे, दोन्ही ठरवावे लागते. आपल्याकडे एकदा सुरू झालेला नियम कुणी बंद करत नाही आणि तो पाळतही नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पण मित्रहो, इंग्लंडच्या अनुभवातला खरा धडा चाचणीच्या पट्टीत नाही, तो पगारपत्रकात आहे. २०२० मध्येच तेथील हजारो केअर होमचा अभ्यास झाला. ज्या संस्था कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार देत होत्या, तेथील रहिवाशांत संसर्ग कमी आढळला. जेथे बाहेरून बदली कर्मचारी वारंवार आणले जात होते, तेथे तो अधिक होता. त्या वर्षी कायद्याने मिळणारे आजारपणाचे किमान वेतन आठवड्याला ९६ पौंडांच्याही आत होते. त्यात घर चालत नाही. ज्याला बाधित असणे परवडत नाही तो मनापासून चाचणी करत नाही, हे मनुष्यस्वभावाचे साधे गणित आहे.

आता आपल्या दारात येऊ. आपल्या शहरांत घरोघरी वृद्धांजवळ ब्यूरोकडून बायका येतात. बारा तासांची पाळी, महिन्याला चार सुट्ट्या कागदोपत्री, आणि जो दिवस भरला नाही त्याचा रोज कापला जातो. काही वर्षांपूर्वी लेखासाठी एका वृद्धाश्रमात गेलो असता तेथील एका मावशींशी बोलणे झाले. महिनाभर खोकला होता. मी विचारले, "मावशी, कुणाला दाखवलंत का?" त्या म्हणाल्या, "दादा, दाखवलं तर घरी बसवतील. उबळ आली की मी न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून खोकते." त्या संस्थेचे अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेले होते आणि त्यात स्वच्छतेवर एक स्वतंत्र प्रकरण होते.

त्या मावशींना दोष देणारा माणूस मी नव्हे. दोष आपल्या एका आवडत्या सवयीचा आहे. 'अंगात ताप असतानाही अमुक कार्यकर्ता शिबिराला आला' हे वाक्य आपण किती कौतुकाने सांगतो! निष्ठेची ती खूण मानतो. प्रवासाला निघालेल्या प्रचारकाच्या बाबतीत ते एक वेळ चालेल; परंतु ऐंशी वर्षांच्या दमेकरी आजींना अंघोळ घालणाऱ्या सेविकेच्या बाबतीत ती निष्ठा त्या आजींच्या जिवावर बेतू शकते.

येथे कुणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी कुठे तपासण्या केल्या? सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. हेडगेवारांचे आई-वडील नागपूरच्या प्लेगमध्ये एकाच दिवशी गेले. केशव तेव्हा बालवयात होता. या स्मृतींपुढे आपण नतमस्तकच असले पाहिजे. परंतु त्या पिढीच्या हाती रोग आधी ओळखण्याचे साधनच नव्हते. सावित्रीबाईंच्या निधनापूर्वी बरोबर दोन महिने, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. साधन जन्माला येत होते, पण ते पुण्याच्या वस्तीत पोहोचायला अवकाश होता. आपल्या हाती साधन आहे. असे असताना त्या हौतात्म्याचा दाखला देऊन निष्काळजीपणा झाकणे हा त्या हुतात्म्यांचाच अवमान होय.

आपल्या घरांत सोवळे नावाची एक चाल होती. तिचा मूळ नियम पाहा : नैवेद्य करणाराने आधी स्वतः शुद्ध व्हायचे. प्रश्न स्वतःला विचारायचा होता. आपण तो दुसऱ्याला विचारू लागलो आणि त्यातून शिवाशिवीचे पाप समाजाच्या माथी आले. बाळासाहेब देवरसांना १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत त्याविषयी इतके स्पष्ट बोलावे लागले, ते उगाच नव्हे. २०२० मध्ये परिचारिकांना सोसायटीच्या फाटकावर अडवणारी माणसे तोच उलटा प्रश्न नव्या भाषेत विचारत होती. म्हणून तपासणीत बाधित निघालेल्या सेविकेचे नाव फलकावर लागता कामा नये, स्वयंपाकघरात चर्चा होता कामा नये आणि तिचे ताट वेगळे ठेवायचे तर ते वैद्यकीय कारणापुरते आणि तेवढ्याच दिवसांपुरते.

आता काय तपासायचे? जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. आज आपल्या संस्थांना रोजचा खरा धोका आहे तो क्षयाचा. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले, की छातीचा क्ष-किरण काढला नसता तर चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. केवळ लक्षणे विचारून ते सापडले नसते. म्हणून कामावर रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा सर्वांचा क्ष-किरण काढावा. मधल्या काळात प्रत्येकाने स्वतःला दर आठवड्याला चार प्रश्न विचारावेत : दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरले का, रात्री घाम येतो का. एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर सरकारी केंद्रात थुंकी तपासावी; ती तपासणी विनामूल्य आहे. गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट यंत्र, ज्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ते बॅटरीवर चालते आणि लहान केंद्रांतही बसते. उपचारही विनामूल्य आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. कामावर परत केव्हा यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे, व्यवस्थापकाने नव्हे. सुयांशी संबंध येणाऱ्यांनी कावीळ ब ची लस घ्यावी, एवढेच जाता जाता सांगतो.

श्वसनाची साथ पुन्हा आली तर घरच्या चाचणीचा संच उपयोगी पडेल. पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ' या संचाला मे २०२१ मध्ये आयसीएमआरने मान्यता दिली, तेव्हा त्याची किंमत २५० रुपये होती. त्या वेळी आयसीएमआरचा सल्ला असा होता, की लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कातील लोकांनीच ती करावी, सरसकट नको. आणि लक्षणे असून निकाल नकारात्मक आला तर आरटीपीसीआर करावी. याचे कारण समजून घ्या. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत विषाणू थोडे असतात आणि पट्टीवर रेघ उमटत नाही. नकारात्मक निकाल हा त्या सकाळपुरता असतो, आठवड्याचा परवाना नसतो. पट्टी पाचव्या मिनिटाला पाहून फेकू नका आणि तासाभराने उचलून वाचूही नका. आणि बहुतेक संचांवर २ ते ३० अंश तापमानात ठेवा असे छापलेले असते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या संचावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. समजा संस्थेत बारा सेविका आहेत आणि रोज ५०० रुपये आहे. वर्षभरात प्रत्येकीला आजारपणाची सात दिवसांची भरपगारी रजा दिली, तर ४२ हजार रुपये होतात. बदलीच्या बाईंचा रोज धरला तर त्याच्या दुप्पट. वार्षिकोत्सवाच्या मांडवाला याहून अधिक खर्च झालेला मी पाहिला आहे. देणगीदार खाटेवर नाव घालायला पैसे देतात, रजेवर नाव कसे घालणार, असे एक विश्वस्त मला म्हणाले होते. त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर एवढेच, की हा निधी देणगीवर सोडूच नये. तो अंदाजपत्रकात धान्य आणि औषधे यांच्या शेजारी बसवावा.

नोंदवही एकच असावी आणि कुलुपात असावी. तिच्यात पहिले नाव कार्यवाहांचे, दुसरे व्यवस्थापकाचे आणि नंतर सेविकांची. कार्यवाहांचा क्ष-किरण झाल्याखेरीज कुणालाही बोलावू नये. जेवणाला अजून अर्धा तास आहे, तोवर आपल्या शंका विचाराव्यात.