म्हातारपणाची ओळख

महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी जी निवृत्तिवेतन योजना चालविली आहे, तिला श्रावणबाळाचे नाव दिलेले आहे. श्रावणाने अंध मातापित्यांस कावडीत बसवून खांद्यावर वाहिले. आजच्या मुलाला कावड उचलावी लागत नाही. परंतु तहसील कचेरीची वाट त्यालाही आईसह चालावी लागते, आणि त्या वाटेवर ओझे असते ते कागदांचे. जिने मुलांची नावे ठेविली, तिचेच नाव सिद्ध करण्याची पाळी मुलांवर येते.

पहिली अडचण नावाचीच. लग्नात मराठी स्त्रीचे आडनाव बदलते, पित्याच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पाळण्यातले नावही पालटले जाते. पुढे शाळेच्या दप्तरी एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे, अशा एका बाईच्या तीन बायका होऊन बसतात. अशा वेळी कारकुनाशी वाद घालण्यात हशील नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरातील उतारा, विवाहाची नोंद झाली असल्यास तिचा दाखला, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे सांगणारे प्रतिज्ञापत्र, अशी साखळी जुळवावी लागते. अर्ज करण्यापूर्वी आधारपत्र व बँकेचे पुस्तक यांतील नावे अक्षरशः ताडून पाहिली, तर निम्मे हेलपाटे वाचतात.

दुसरी अडचण वयाची. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या अनेकांच्या आधारपत्रावर १ जानेवारी ही तारीख पडलेली आहे. वयाचा निर्णय करण्यास आधारपत्र पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात सांगितले व शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. पण जिने शाळेचे तोंडच पाहिले नाही, तिने काय करावे? श्रावणबाळ योजनेने तिलाही मार्ग ठेविला आहे. जन्मनोंदीचा उतारा नसेल, तर शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा चालतो. तोही नसेल, तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला घेता येतो.

तिसरी अडचण सर्वांत क्रूर आहे. जन्मभर भांडी घासून, निंदणी-खुरपणी करून बोटांवरच्या रेषा झिजतात. वार्धक्याने कातडीही पातळ होते. यंत्रावर अंगठा ठेवावा, आणि यंत्राने ओळख नाकारावी! ज्या श्रमांनी घर उभे केले, तेच श्रम तिच्याविरुद्ध साक्षीला उभे राहतात. तथापि यंत्राचा नकार हा शेवटचा शब्द नव्हे. आधार कायद्याच्या वैधतेचा निवाडा देताना, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, केवळ यंत्राने ओळख पटत नाही म्हणून पात्र व्यक्तीस लाभापासून वंचित ठेवू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. बोट चालत नसेल तर डोळ्यांतील बुबुळावरून अथवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. तिची मागणी नम्रपणे परंतु ठामपणे करावी, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.

येथे मुलांनी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. घाईच्या भरात मुलगा पुढे होतो, सारी उत्तरे आपणच देतो, आणि आई बाकावर एखाद्या गाठोड्यासारखी बसून राहते. तिला प्रश्न नीट ऐकू येईल असा पुन्हा सांगावा. उत्तर तिचे तिला देऊ द्यावे. अंगठा कशासाठी घेतला जात आहे, हे तिला आधी कळले पाहिजे. कारण त्याच अंगठ्याने खात्यातील पैसेही काढता येतात. तिच्या आधारास जोडलेला दूरध्वनी क्रमांक कोणाचा आहे, हेही पाहावे. तो शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा निघाला, तर सारा संदेशव्यवहार परक्या हाती जातो. आईची मदत करणे म्हणजे आईचा ताबा घेणे नव्हे.

हे सारे गरज पडण्यापूर्वी करावयाचे काम आहे. जन्मतारीख न सांगता येणारी आई, पानशेतचा पूर आला तेव्हा आपण रांगत होतो, एवढे सांगू शकते. तो पूर जुलै १९६१ मधला. कचेरीत हा पुरावा होत नाही, पण जन्मनोंदींचे कोणत्या सालचे दप्तर उघडावे, कोणत्या गावी चौकशी करावी, हे त्यावरूनच कळते. कागद फाटला तर त्याची नक्कल मिळते. आठवण विझली तर तिची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही. म्हणून माहेरचे नाव, गाव, शाळा आणि ओळखीचे साक्षीदार यांची टिपणे आई बोलती आहे तोवरच, तिच्या शेजारी बसून, तिच्याच तोंडून उतरवून घ्यावीत.