ठराव आणि पाणी : सुरबानाना टिपणीस यांचे स्मरण
(महाड सत्याग्रह स्मृतिदिनानिमित्त भिवंडी येथे दिलेले भाषण)



२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, हे आपल्या घरातील शाळकरी मुलालाही पाठ आहे. म्हणून आज आम्ही त्या लढ्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाविषयी चार शब्द बोलणार आहोत. ते म्हणजे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. चेक लिहिला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही, तो वटावा लागतो, हे आम्ही रोज पाहतो. ठरावाचेही तसेच आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला : सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. हेच बोले १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारसभेचे अध्यक्ष होते आणि त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले होते.

प्रांताने ठराव केला, पण तळे होते महाडला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही तीन वर्षे तळ्याला कुणाचा हात लागला नाही. १९२६ साली बोल्यांना पुन्हा उठून सांगावे लागले, की जी नगरपालिका ऐकत नाही तिचे अनुदान बंद करा.

या काळात महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले टिपणीस जातीने कायस्थ प्रभू. त्यांना पाणी कुणी नाकारले नव्हते. गप्प राहिले असते तर मान, नातीगोती, पंगत सगळे सुखरूप राहिले असते. पण सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याच्या बाजूने ते उभे राहिले आणि बाबासाहेबांनी महाडला परिषद घ्यावी यासाठी रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे यांच्याबरोबर झटले.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले गेले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला! डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. भिवंडीसारख्या गावात राहणाऱ्या आपण ही गोष्ट विसरता कामा नये.

ठराव फिरला, पण टिपणीस फिरले नाहीत. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत टिपणीस त्या पक्षाच्या तिकिटावर कुलाबा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्याच वर्षी, १७ मार्चला, हायकोर्टानेही तळ्याच्या दाव्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. नगरपालिकेतला माणूस प्रांताच्या सभागृहात पोचला तो कोकणातल्या कुळांचा प्रश्न घेऊन. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. इथेही चेक वटायला बारा वर्षे लागली.

बंधू-भगिनींनो, आमची आजी एक गोष्ट सांगायची. गावच्या विहिरीवर 'सर्वांसाठी खुली' अशी पाटी लागली. आजोबांनी आनंदाने ती वाचून दाखवली. आजी म्हणाली, "पाटीला दोर बांधून पाणी निघतं का?" आणि हंडा घेऊन झऱ्यावर गेली. पुढे वस्तीतल्या चार बायांनी एकदम विहिरीत पोहरा सोडला, तेव्हा कुठे ती विहीर खुली झाली.

पाटी लावणारा लागतो आणि पोहरा सोडणाराही लागतो. बोले-टिपणीसांनी पाटी लावली, बाबासाहेबांनी हजारोंच्या हाती पोहरा दिला. दोघांपैकी एक नसता तर महाड घडले नसते.

आज आपलीही माणसे सभागृहात निवडून जातात. त्यांना हार जरूर घालावेत. पण वर्षाने एकदा हेही विचारावे, की तुम्ही हात वर केलेल्या ठरावांपैकी किती आमच्या नळाला आले? आणि सभागृहाने ठराव फिरवला तर तुम्ही कुठे उभे होता? सुरबानानांनी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. लोकांनी त्यांना 'दलितमित्र' म्हटले ते त्यासाठीच.