सर्जाचं पत्र कुठाय?



मला विषय दिलाय ‘साहित्यिक घराण्यातली घरगुती पत्रं’. देणाऱ्याला वाटलं असेल, हा गडी चार शिव्या हासडून खाली बसेल. नाही देत. पत्रं वाचून आलोय.

साहित्यिक घराणं म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? वाडा, माजघर, शिसवी कपाट, त्यात दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा. आजोबा कवी, मुलगा समीक्षक, सून कथा लिहिणारी. मग एखादा नातू गठ्ठा सोडतो आणि दिवाळी अंकात छापतो. मी कॉलेजात असताना मराठीच्या सरांनी सांगितलं, घरातलं एक जुनं पत्र आणा. मी आईचं नेलं. आईला लिहिता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरानं तिच्या तोंडचं उतरवून घेतलेलं. ज्वारी पाठवलीय, पावली का कळव, कुणाशी भांडू नको. सर म्हणाले, यात वाङ्मयीन काही नाही. खरंच होतं ते. ज्वारीच होती.

आता एक घराणं सांगतो. पुण्यातलं, फुल्यांचं. सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ सालचं, बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. जोतीरावांचं ‘तृतीय रत्न’ १८५५ चं, ‘गुलामगिरी’ १८७३ चं. एका छपराखाली नवराही लिहितोय आणि बायकोही. अजून कोणतं साहित्यिक घराणं पाहिजे? पण १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं रानड्यांकडून आलं, तेव्हा जोतीरावांनी पत्रानं कळवून टाकलं की जे आमचे माणुसकीचे हक्क मानत नाहीत त्यांच्यात आम्ही बसायचं नाही. हे पत्र आपल्या पोरांना पाठ असतं. पण ते चव्हाट्यावरचं पत्र. घरातली निराळी. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. डॉ. मा. गो. माळींनी संपादित केलेलं त्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ साली काढलं, त्यात ती आहेत.

पहिलं नायगावहून. बाई आजारातून उठतायत, माहेरी. भाऊ शुश्रूषा करतो आणि जोडीला सुनावतोही, की महारा-मांगांसाठी राबता म्हणून तुम्ही दोघं वाळीत पडलात, जातीच्या रीतीनं वागा. बहीण अंथरुणावरून त्यालाच धरते. तुम्ही विषारी नागाला दूध पाजता आणि महारा-मांगाला माणूस म्हणत नाही, हे कसं? माहेरची खुशाली म्हणून नवऱ्याला हे कळवतायत.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं. मी त्याच्यासाठीच उभा राहिलोय.

गणेश नावाचा एक ब्राह्मण पोरगा. पोथी-पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा. त्याचं आणि सर्जा नावाच्या महाराच्या मुलीचं जमलं. मुलगी सहा महिन्यांची पोटुशी. गावाला कळलं. दोघांना धरलं, मारत मारत गावातून फिरवत नेलं, आता जीवच घेणार. सावित्रीबाईंच्या कानावर गेलं तशा त्या धावल्या. जमावाला इंग्रजांच्या कायद्याचा धाक घातला, खून केलात तर काय होईल ते सांगितलं. जमाव थबकला. सदूभाऊ म्हणून होता, तो म्हणाला, दोघांनी गाव सोडून जावं. दोघं कबूल झाले, बाईंच्या पाया पडून रडायला लागले. आणि बाई नवऱ्याला लिहितात, दोघांना तुमच्याकडं पाठवतेय.

बघा, हे पत्र कशासाठी लिहिलंय? बायकोला नवऱ्याची आठवण आली म्हणून नाही. दोन जीव रस्त्यावर आहेत, ते पुण्यात ताब्यात घ्यायचे आहेत. ‘यांना ठेवून घ्याल का’ असं विचारलेलंसुद्धा नाही. पाठवतेय, बस्. तुमच्या घरात अशी चिठ्ठी लिहिता येते का? मी लग्न झालेल्या दोस्तांना विचारतोय.

आणि आता हे ऐका. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, खर्ड्याला, आपला सतरा वर्षांचा पोरगा मारला. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो एवढाच संशय. कोर्टात साक्षीदार फिरले, २०१७ साली आरोपी सुटले. १८६८ नंतर १४६ वर्षांनी, आपल्याच माणसानं लिहिलेली राज्यघटना असताना. नायगावच्या त्या बाईकडं घटना नव्हती. परक्या सरकारचा कायदा होता आणि तोंड होतं. ते तिनं जमावासमोर उघडलं, वर घरी लिहूनही कळवलं. तारीख घालून.

तिसरं पत्र ओतूरचं, २० एप्रिल १८७७. दुष्काळ. जनावरं मरतायत, माणसं गाव सोडतायत, कुणी पोरं विकतंय. सत्यशोधकांना खोटे आळ घालून पकडलं, तर बाईंनी कलेक्टरला तोंडावर विचारलं, यांना का धरलंत? माणसं सुटली. कलेक्टरानं चार गाड्या ज्वारी दिली. ज्वारी, दोस्तहो! नवऱ्याला बायको ज्वारीच्या गाड्या मोजून सांगतेय. आमच्या सरांच्या हिशेबानं यातही वाङ्मयीन काही नाही.

एवढं सगळं असून मला एक खटकतं, ते गिळून खाली बसणार नाही. गणेशच्या हातात पोथी आहे. त्याला धंदा आहे, अक्षरं आहेत. सर्जाचं आपल्याला नाव माहीत आणि पोट माहीत. ती काय बोलली? तिच्या आईबापाचं महारवाड्यात त्या रात्री काय झालं? पत्रात नाही. १८७७ च्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. दोष सावित्रीबाईंना देत नाही, त्यांच्यामुळं निदान नाव तरी उरलं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध ‘ज्ञानोदय’नं १८५५ सालीच छापला होता, म्हणजे आपल्या पोरींच्या हाताला अक्षर लागलं होतं. पुण्यात. सर्जाच्या गावापर्यंत ते पोचलं नव्हतं. तिला स्वतःचं पत्र लिहायचं तर कुणाच्या तरी शेजारी बसून सांगावं लागलं असतं, माझ्या आईसारखं.

म्हणून आपल्या अंकात आता असली पत्रं घ्यायची ठरलंय. आईची, आजीची, मिलमधून गावी गेलेली, गावाहून झोपडपट्टीत आलेली. दुसऱ्यानं लिहिलेली, खाली अंगठा असलेली, सगळी. मोबाइलमधला आईचा आवाज असेल तर शब्दाला शब्द उतरवून आणा, ‘शुद्ध’ करू नका. पत्ते, नावं खोडून छापू. पहिलं माझ्या आईचं. सरांनी परत दिलं तेव्हापासून पाकिटात आहे, घड्या फाटल्यात, पण ज्वारी किती पायली ते अजून वाचता येतं.