भाकरीचा फोटो करडा का येतो?

कामं आटोपून रेडिओजवळ बसलेल्या, नाहीतर चुलीपुढे बसूनच कान इकडे दिलेल्या सगळ्या मावश्या, वहिन्या आणि पोरींनो, आज आम्ही फोटोबद्दल बोलणार आहोत. लग्नातल्या फोटोबद्दल नाही. आपल्या गटाच्या मालाच्या फोटोबद्दल.

आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला. ज्वारीची कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळा, हा आमच्या गटांचा माल. पूर्वी माल बाजारात किंवा जत्रेत मांडला जायचा. गिऱ्हाईक भाकरी हातात घेऊन मोडून बघायचं, चटणीचा वास घ्यायचं. आता निम्मी विचारणा व्हॉट्सॲपवर येते. तिथं वास नाही आणि चव नाही, फक्त फोटो आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका दुकानदाराला आमच्यातल्या एका गटानं भाकरीचे फोटो पाठवले, तर त्यांचा उलटा निरोप आला, "माल जुना आहे का?" भाकरी आदल्या दिवशीची होती! गटानं पिठाच्या यंत्रासाठी बँकेचं कर्ज घेतलेलं, हप्ता तोंडावर आलेला, आणि फोटोत भाकरी दिसत होती राखेसारखी. ती ऑर्डर गेली. तेव्हापासून तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत बचत, कर्जफेड, हिशोब यांच्यानंतर फोटोचाही विषय असतो.

आता ती भाकरी राखेसारखी का दिसली, ते आधी सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. फोनच्या कॅमेऱ्याला भाकरी कळत नाही, चटणी कळत नाही. त्याला फक्त उजेड किती ते कळतं. समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असणार, असं तो धरून चालतो. सगळीकडे पांढरंच पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो गडद करतो. मग पांढरी भाकरी करडी होते. काळ्या मसाल्याचं ह्याच्या उलट. सगळं काळं दिसलं की तो उजेड वाढवतो आणि मसाला विटका, धुळकट दिसतो. म्हणून पांढऱ्या मालाला उजेड आपण हातानं वाढवायचा आणि काळ्या मालाला कमी करायचा. पडद्यावर भाकरीवर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये बाजूला सूर्याचं छोटं चित्र येतं. ते बोटानं वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. भाकरीचे तांबूस डाग दिसेपर्यंत वाढवा, पण डाग पुसले जाईपर्यंत नको. त्या डागांवरूनच गिऱ्हाइकाला कळतं की भाकरी नीट भाजलेली आहे.

दुसरी गोष्ट उजेड कुठला घ्यायचा ही. आमच्याकडे उन्हाची कमी नाही, पण दुपारी बाराचं ऊन फोटोच्या कामाचं नाही. डोक्यावरच्या उन्हात बाटलीचं झाकण चमकतं आणि खाली काळी सावली पडते. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, दाराच्या आत हातभरावर, जिथं ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर येतो, ती जागा सगळ्यात चांगली. उजेड मालाच्या बाजूनं यायला हवा. पाठीमागून आपल्या अंगावरून आला तर आपलीच सावली मालावर पडते. एका बाजूनं उजेड आला की दुसरी बाजू काळवंडते. त्या बाजूला पोरांच्या शाळेचा पांढरा ड्रॉइंगचा कागद किंवा थर्मोकोलचा तुकडा उभा करा. उजेड त्यावर आपटून परत मालावर येतो. खिडकीतून ऊनच आत येत असेल तर खिडकीवर पांढरं पातळ धोतर बांधा. एवढं केलं तरी पुष्कळ होतं.

पण एक सांभाळा. आपल्याकडे पत्र्याच्या शेडला निळी ताडपत्री असते, नाहीतर हिरवी जाळी. त्याखाली काढलेल्या फोटोत भाकरी निळसर येते आणि चटणी शेवाळलेली दिसते. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण आपला डोळा लगेच सरावतो. फोन तेवढा सरावत नाही. निळ्या डिस्टेंपरच्या भिंतीजवळही हेच होतं. आणि दारातला उजेड चालू असताना वरचा बल्ब लावू नका. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की एक बाजू पिवळी, एक बाजू निळी होते, आणि ते नंतर कुठल्याच ॲपनं नीट सुधारत नाही.

फ्लॅश बंदच ठेवा. भिंगाच्या शेजारूनच तो उजेड समोर फेकतो, त्यामुळे वस्तूची उंचसखलता नाहीशी होते, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटावर तर पांढरा ढब्बा पडतो. पाकीट चमकत असेल तर फोन नाही, पाकीट जरासं फिरवा. आपण आरसा तिरका करतो ना, तसं. चमक दुसरीकडे जाते.

वाकळ हा अवघड विषय आहे, आणि आम्हाला तो फार आवडतो. वाकळेची किंमत टाक्यांत आहे. एकेक वाकळ पुरी व्हायला महिना जातो, आणि फोटोत ती दिसते चादरीसारखी. मग गिऱ्हाईक चादरीची किंमत सांगतं. इथं बाजूचा, अगदी खालून येणारा उजेड लागतो. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा वाकळ अंगणात बाजेवर पसरा आणि उन्हाच्या आडव्या बाजूनं फोटो घ्या. प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते, आणि टाके उठून दिसतात. थेट उन्हात काढायचा हा एवढा एकच फोटो. तीन फोटो पुरतात, पण तीन लागतात. एक पूर्ण वाकळेचा, चारी कोपरे दिसतील असा, उंचावरून. दुसरा टाक्यांचा, जवळून. तिसऱ्यात कोपरा उलटून मागची बाजू दाखवा, कारण जाणकार बाई आधी मागची बाजूच बघते. तिथंच एखादा हात ठेवला तर मापही कळतं. तरी लांबी-रुंदी खाली लिहाच.

चटणीचं निराळं. बरणीतल्या चटणीला समोरून फोटो काढला की ती काळपट गोळा दिसते. शेंगाचटणीला कुटताना सुटलेलं तेल ही तिची खूण. ते दिसायला उजेड बाजूनं, थोडा मागून यावा. पितळी वाटीत थोडी चटणी काढा, चमच्यानं जरा विस्कटा, शेजारी अर्धी मोडलेली भाकरी ठेवा. नऊवारी, फुलं, रांगोळी, समई असं सगळं भोवती मांडू नका. एका ताईंनी हौसेनं इतकं मांडलं होतं की चटणी शोधावी लागली.

आता फोन हाताळायचा कसा ते. आपले हात तिखटाचे, तेलाचे, आणि फोन त्याच हातांनी उचलायचा. भिंगावर तेलाचं बोट लागलं की सगळा फोटो धुक्यातला येतो. पुष्कळ बायका म्हणतात, "फोन जुना झाला, फोटो पुसट येतात." भिंग पुसा आधी. स्वच्छ सुती पदराचं कोरडं टोक पुरतं. तेलकट असेल तर टोक किंचित ओलं करा. मग फोन दोन्ही हातांनी धरा आणि कोपरं अंगाला चिकटवा. हात थरथरत असेल तर फोन ज्वारीच्या पिशवीला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बोटांनी पडदा ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. पण अगदी भिंगाला नाक लावल्यासारखं जवळही नको. फार जवळून बरणीचं पोट फुगलेलं आणि बूड बारीक दिसतं. बरणीच्या उंचीला फोन आणा, उभ्यानं वरून खाली काढू नका. आणि पाठीमागचं धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकार मालाला वापरू नका. वस्तूची कड कुठं संपते याचा फोन अंदाज बांधतो, आणि भाकरीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी करून ठेवतो.

नवा फोन घ्यावा का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. गटाच्या पैशातून तर नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोक्यावर 50 मेगापिक्सेल, 108 मेगापिक्सेल असे आकडे असतात. चार बाय सहा इंचांचा चांगला छापील फोटो काढायला 1200 गुणिले 1800, म्हणजे 21 लाख 60 हजार ठिपके पुरतात. साधा 12 मेगापिक्सेलचा फोन 1 कोटी 20 लाख ठिपके देतो. खर्चच करायचा तर फोन धरणारा साधा स्टँड घ्या. गोल दिवा घेऊ नका, बरण्यांवर त्याचं गोल कडं उमटतं.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म 1913 चा, गुजरातेत नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या दिल्लीत काम करायच्या. त्या काळी फोटो काढल्यावर तो कसा आला ते फिल्म धुतल्याशिवाय कळायचं नाही, म्हणजे बटण दाबायच्या आधीच सगळा विचार करायचा. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्यांचं वय 97 होतं. हे सांगायचं कारण असं, की गटाच्या इतिवृत्तात आता आम्ही फोटो कुणी काढला तिचंही नाव लिहितो.

फोटो काढून झाल्यावर थोडी दुरुस्ती करावी, पण थोडीच. फोनमधलं स्वतःचं एडिट पुरतं, नाहीतर स्नॅपसीड नावाचं फुकट ॲप आहे. आधी कडा कापून तिरकेपणा सरळ करा, मग उजेड बघा, रंग शेवटी. मूळ फोटो तसाच ठेवून बदललेला वेगळा साठवा. रंगाच्या पट्टीवर बोट फार सरकवू नका. चटणी कुंकवासारखी लाल दिसली की ऑर्डर येते, पण बरणी उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, हे दाखवलं ते नव्हे. पाठवणी, परतीचं भाडं, आणि वर शब्द गेला. फोन आणि प्रत्यक्ष माल शेजारी ठेवून रंग जुळवा. आणि नेटवरून दुसऱ्याच कुणाच्या भाकरीचा फोटो उचलून तर कधीच लावू नका. तो दुसऱ्याचा आहे, आणि ती भाकरीही आपली नाही.

पाकिटाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो ठेवा. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक वाचता येईल असा. दुकानदार आधी तेच मागतात. पाठवताना व्हॉट्सॲप फोटो लहान करून टाकतं, म्हणून पाठवण्याआधी एचडी निवडा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग अक्षरं फुटत नाहीत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती भिंगाची नाही. गिऱ्हाइकांना भाकरी करणाऱ्या बायका बघायला आवडतात, हे खरं. पण फोटोतल्या प्रत्येकीला आधी विचारायचं. नुसतं "काढू का?" नाही, तर "हा फोटो दुकानदाराकडे, स्टेटसवर, कुठंही जाईल, चालेल का?" असं. एका गावात नव्या सुनेचा फोटो गटाच्या स्टेटसवर गेला, तिथून पाहुण्यांच्या ग्रुपवर गेला, आणि ती दोन महिने बैठकीला आली नाही. तिच्या हाताची भाकरी गटात सगळ्यात पातळ. आता ती येते. आम्ही तिच्या फक्त हातांचे फोटो काढतो, पीठ लागलेले, बांगड्यांसकट. ते तिनं स्वतः निवडले. उलट आमच्याच एका सत्तरीच्या आक्का आहेत. त्यांचा आधार कार्डावरचा सोडला तर दुसरा फोटोच नव्हता. त्या म्हणाल्या, माझा तोंडासकट काढा, आणि मोठा काढा.

बहुतेक घरांत फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो, हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून मालाचे फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, गटातल्या दोघींना हे काम नीट शिकवा, आणि पाठवून झाले की त्यांची एक प्रत गटाच्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर घ्या. फोन गावाला गेला म्हणून ऑर्डर अडायला नको. ह्या आठवड्यात एवढंच करून बघा, की एकच भाकरी दारात ठेवायची आणि सूर्याचं चित्र वर-खाली सरकवत पाच फोटो काढायचे. बैठकीला ते पाचही घेऊन या.