दप्तर आणि त्याचे जाणते

एखाद्या कचेरींतील जुना कारकून निवृत्त होतो. हारतुरे होतात, चहापान होतें, आणि दुसऱ्याच दिवशीं पहिला कागद अडतो. अमुक करार कोणत्या कपाटांत आहे, तमुक सवलत कोणत्या अटीवर दिली होती, हें त्या एकालाच ठाऊक असतें. कागद संस्थेजवळ राहतात. त्यांचें ज्ञान मात्र त्या गृहस्थाबरोबर घरीं जातें. हा तोटा जमाखर्चाच्या वहींत दिसत नाहीं, म्हणूनच तो अधिक घातक होय.

माहितीची पद्धतशीर व्यवस्था हें आधुनिक यंत्रांबरोबर आलेलें काम आहे, अशी एक समजूत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचा इतिहास पाहिला म्हणजे ती टिकत नाहीं.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे दोन मुख्य भाग होते: चालतें दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालतें दप्तर फडणिसांच्या नजरेखालीं असे. रोजचे हुकूम व हिशेब फडावर होत. गांवांचे व महालांचे हिशेब पाहून बेहेडा शाखा मुलखाच्या जमाखर्चाचे अंदाज बांधी. लष्करी नेमणुकांचें काम सरंजाम शाखेकडे असे. एकबेरीज दप्तर कायम पुण्यास असे. तेथें सर्व खात्यांचे हिशेब येऊन वर्षाची जमा, खर्च व शिल्लक यांचे तर्जुमे तयार होत आणि प्रत्येक बाबीची खतावणी अनुक्रमानें व सालवार मांडली जाई.

या पद्धतींतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. आजच्या कामाचा कागद एकीकडे, उद्यां लागणारी माहिती दुसरीकडे, आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट ठरलेली. खतावणी घालणें याचा अर्थच असा कीं, पुढें कोणी कोणता प्रश्न घेऊन येईल याचा विचार आधींच झालेला असतो. कागद लिहिला जातो त्या दिवशीं तो शोधणारा कदाचित् जन्मलेलाहि नसतो. त्याची सोय लिहिणाऱ्यानेंच करून ठेवावी लागते.

नाना फडणिसांच्या कारकीर्दींत हें दप्तर भरभराटीस आलें. तेथें २०० हून अधिक कारकून राबत असत. नाना १८०० सालीं वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत देखरेख सुटली. लोक वाटेल तो कागद घेऊन जाऊं लागले आणि उरलेल्यांवर उंदरांचें व वाळवीचें राज्य आलें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें दप्तराची व्यवस्था मॅक्लौड या अधिकाऱ्याकडे सोंपविली, तेव्हां ही दुर्दशा त्याच्या दृष्टीस पडली. पद्धत तीच होती, शहर तेंच होतें; ती पद्धत रोज पाळून घेणारा मात्र उरला नव्हता.

याचें मोल सामान्य घराण्यांनाहि द्यावें लागलें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला इनामांच्या हक्कांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. ज्याच्या हक्काचा पुरावा सांपडेना, त्याचें इनाम धोक्यांत येई. एका कागदाच्या असण्या-नसण्यावर पिढ्यान् पिढ्यांची भाकर अवलंबून होती!

पुढें रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. तरीहि न वाचलेल्या रुमालांची संख्या फार मोठी आहे. ते बहुतेक मोडी लिपींत आहेत, आणि मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून मागें पडल्यामुळें तीं अक्षरें सहज वाचणारे आज थोडे आहेत. म्हणजे कागद जगला तरी जाणता राहिला नाहीं, तर कागदहि मुका होतो.

संगणकानें ही अडचण दूर केली, असें मानणें धाडसाचें होईल. लेख 'नवीन', 'नवीन दोन', 'अखेरचा' अशा नांवांनीं सांठवलेले, परवलीचा शब्द एकाच्याच ओठांत, आणि दहा वर्षांपूर्वींचा हिशेब उघडणारी यंत्रणाच बदललेली! वाळवी नाहीं, एवढाच काय तो फरक.

म्हणून प्रत्येक संस्थेनें चार गोष्टी आधींच लिहून ठरवाव्या. कोणती माहिती जपावयाची व किती वर्षें. ती कोठें व कोणत्या नांवानें ठेवावयाची. तिची जबाबदारी कोणावर. आणि तो गेल्यावर ती कोणाकडे. निरुपयोगी कागद काढून टाकण्याचाहि नियम हवा, नाहीं तर गवताच्या गंजींत सुई हरवते. निवृत्त होणाऱ्याच्या शेजारीं त्याच्या जागीं येणाऱ्यास कांहीं महिने बसवावें. केवळ किल्ल्या सोंपविल्यानें दप्तर सोंपविलें जात नाहीं.

कुटुंब हीहि एक संस्थाच आहे. घराचें खरेदीखत, विम्याचे कागद, बँकेंतील ठेवी यांची माहिती पुष्कळ घरांतून एकट्या कर्त्या पुरुषाला असते. त्याला दुखणें येतें तेव्हां घरांतील मंडळी दुःख करीत बसावी, कीं कपाटें धुंडाळावीं? एक वही, तींत सर्वांची नोंद, आणि ती वही कोठें आहे हें निदान दोघांना ठाऊक असणें, एवढी व्यवस्था एका रविवारीं होऊं शकते.