नावं छापखान्यातली, माप रोमन अक्षराचं

घरातले सगळे झोपल्यावर लिहायला बसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मराठी ब्लॉगलेखकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिल्याचं कळल्यावर माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं, "अगं, तुला वाचक किती, आणि तू अध्यक्ष कशी?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. संयोजकांनी मात्र विषय नेमून दिला आहे. ज्या साधनांवर आपण लिहितो त्यांत येणाऱ्या नव्या सोयी, आणि आपलं पान आपल्या मनासारखं मांडण्याची मुभा, यांवर मी बोलावं असं त्यांनी सांगितलं. मी तंत्रज्ञ नाही. माझे वडील छापखान्यात जुळारी होते, आणि मी आयुष्यभर प्रुफं तपासली. त्यामुळे नवी सोय आली की मी ती प्रुफं तपासणाऱ्या बाईच्या नजरेनंच बघते. कौतुक नंतर. आधी चूक कुठे आहे ते.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. आईच्या स्वयंपाकघरावर मी एक लेख लिहिला होता. परिच्छेदाचं पहिलं अक्षर तीन-चार ओळींइतकं मोठं करायची सोय माझ्या पानावर नव्यानं आली होती. जुन्या दिवाळी अंकांत असायची तशी. मला मोह झाला. बटण दाबलं, लेख प्रसिद्ध केला आणि निजले. सकाळी एका वाचक बाईंचा निरोप आला होता: "वयंपाक म्हणजे काय हो?" पान उघडून बघते तर डावीकडे हत्तीएवढा पायमोडका 'स्', आणि त्याच्या शेजारी गरीब बिचारा 'वयंपाक'.

हसू ओसरल्यावर मी याच्या मागे लागले. यंत्राला 'पहिलं अक्षर मोठं कर' असं सांगितलं की पहिलं अक्षर म्हणजे किती, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. इंग्रजीत तो प्रश्नच नाही. आपल्याकडे 'स्व' हे एक अक्षर आहे हे पहिलीतलं पोरही सांगेल. यंत्राच्या लेखी मात्र ती तीन चिन्हं: स, हलन्ताची खूण आणि व. कुठे तोडायचं आणि कुठे नाही, याचे नियम युनिकोड या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात लिहिलेले असतात. त्या नियमांप्रमाणे हलन्त आधीच्या 'स'ला चिकटत होता, आणि पुढचा 'व' वेगळा धरला जात होता. जोडाक्षर मधे तोडू नये, हा सर्वसाधारण नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. म्हणजे 'स्व' हे एकच अक्षर आहे हे यंत्राला समजायला बत्तीस वर्षं लागली, आणि तो नियम प्रत्येक ब्राउझरमध्ये उतरायचा तो वेगळाच.

आता एक गंमत बघा. आपल्या या साधनांची नावं कुठून आली? २००१ साली आलेलं 'मूव्हेबल टाइप' म्हणजे चक्क सुटे खिळे. त्याच कंपनीचं पुढचं 'टाइपपॅड'. २७ मे २००३ रोजी आलेलं 'वर्डप्रेस', म्हणजे शब्दांचा छापखाना. त्याच्या नव्या संपादकाचं नाव 'गुटेनबर्ग', म्हणजे सुट्या खिळ्यांच्या छपाईचा युरोपातला जनक. लेखाच्या पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला 'स्लग' म्हणतात. तोही छापखान्यातलाच शब्द, शिशात एकसंध ओतलेल्या ओळीचं नाव. नावं सगळी माझ्या वडिलांच्या धंद्यातली. माप मात्र रोमन अक्षराचं.

या सोयींचा इतिहास मी भराभर सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांनी तो भोगला आहे. 'ब्लॉगर' १९९९च्या ऑगस्टमध्ये आला, २००३ साली गूगलनं तो विकत घेतला. २००६ साली त्यात पानाचे भाग माउसनं धरून इकडून तिकडे सरकवता येऊ लागले, लेखांना लेबलं लावता येऊ लागली. वर्डप्रेसमध्ये २००५ साली थीम आल्या, २००७ साली विजेट आली, २०१२ साली बदल करण्याआधीच तो कसा दिसेल हे पाहण्याची सोय आली. त्यांच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जॅझ वादकाचं किंवा गायकाचं नाव देतात. मला ही पद्धत आवडते. आपल्याकडे कुणी असं काही केलं तर भीमसेनांच्या नावाची आवृत्ती आधी की किशोरीताईंच्या, यावरून दोन गट पडतील.

६ डिसेंबर २०१८ला वर्डप्रेसची ५.० आवृत्ती त्या 'गुटेनबर्ग' संपादकासह आली आणि घरातल्या भिंती हलल्या. तोपर्यंत लेख म्हणजे एक लांब कागद होता. आता परिच्छेद हा एक ठोकळा, चित्र दुसरा, मथळा तिसरा. जुना संपादक परत आणणारं प्लगिन पन्नास लाखांहून अधिक ठिकाणी बसवलं गेलं. यावरून चिडीची कल्पना यावी. मीही चिडले होते. नंतर मला वडिलांची गॅली, जुळवलेले खिळे ठेवायची ती पाटी, आठवली. तिथे तरी काय होतं? ठोकळेच. परिच्छेद उचलून वर नेता येणं ही प्रुफं तपासणाऱ्याला स्वर्गाची पायरी आहे. पण कवींचे हाल झाले, ते मान्य करते. ओळ संपली की एंटर दाबायचं, की नवा ठोकळा. चार ओळींचं कडवं चार परिच्छेद होऊन पसरतं. शिफ्ट दाबून एंटर दाबलं तर त्याच ठोकळ्यात नवी ओळ येते, आणि कवितेसाठी वेगळा ठोकळाही आहे. हे कितीजणांना ठाऊक आहे? हात वर करा. बघा, अर्ध्या कवींचे हात खालीच आहेत.

२०२२च्या जानेवारीत ५.९ आवृत्तीनं माथा, पायथा, सगळं पानच ठोकळ्यांनी रचायची मुभा दिली, आणि एप्रिल २०२४मध्ये ६.५ आवृत्तीनं फॉन्टचं ग्रंथालय दिलं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली मराठी लेखकाच्या सर्वांत कामाची सोय ही. पूर्वी फॉन्ट बदलायचा तर भाच्याला फोन करावा लागे. आता आपण स्वतः फॉन्ट चढवू शकतो.

फॉन्ट निवडताना मात्र नुसतं देखणेपण बघू नका. माझी एक चाचणी आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहायचे. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात लग्नातले स्वयंपाकी. फरक सगळा त्या एका कोयत्यासारख्या 'र'मध्ये. ज्या फॉन्टला तो 'र' काढता येत नाही, त्यानं गुरुजींना भटारखान्यात पाठवलं असं समजा, आणि तो फॉन्ट सोडून द्या. दुसरी चाचणी 'ॲ'ची. 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत. तोवर 'अॅ' अशी जोडाजोड चालायची. अजूनही अनेकांच्या जुन्या लेखांत ती आहे, त्यामुळे शोध घेताना निम्मे लेख सापडत नाहीत.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची एक कळ असते. तिला हात लावू नका. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपली शिरोरेषा तुटते, आणि दोरी तुटून कपडे सुटे पडावेत तशी अक्षरं सुटी होतात. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे माणसं राहतात. त्या मोठ्या पहिल्या अक्षराचंच बघा. वर्डप्रेसनं त्याला ओळीची उंची अक्षराच्या उंचीच्या ०.६८ पट दिली, आणि वर ते कॅपिटल करण्याची सूचनाही जोडली. आपल्याकडे कॅपिटल नाही, त्यामुळे ती सूचना निरुपद्रवी. ओळीची उंची मात्र वेलांटी-मात्रा धरून मोजलेली नाही.

आता स्लगकडे येते, कारण इथे आपलं खरं नुकसान होतं. कुणाला तरी लेख पाठवायचा तर आपण त्याचा पत्ता पाठवतो. ब्लॉगरवर शीर्षक मराठीत दिलं की पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' असा होई, पुढच्याचा 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा. म्हणजे शाळेत सगळ्या मुलांचं नाव 'मुलगा', आणि मग हजेरी क्रमांक. पत्ता स्वतः लिहिण्याची सोय तिथे २०१२ साली आली. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतो. पण पत्त्याला मर्यादा आहे दोनशे खुणांची. आपलं प्रत्येक चिन्ह तिथे नऊ खुणा खातं, कारण ते तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांत लिहिला जातो. काना, मात्रा, हलन्त, सगळी स्वतंत्र मोजली जातात. हिशोब करून बघा, बावीस चिन्हांत दुकान बंद. 'आजीच्या हातच्या थालीपिठाची गोष्ट' असं साधं शीर्षक द्या. पत्ता होतो 'आजीच्या-हातच्या-थालीपिठा'. 'ची गोष्ट' गळून पडली. इंग्रजी लेखकाला दोनशे अक्षरांचा चौक, आपल्याला बावीस चिन्हांची खोली. तेव्हा पत्ता हातानं लिहा, आणि आखूड लिहा: 'थालीपीठ' पुरे.

इथे मला शंभर वर्षांपूर्वीचा वाद आठवतो. देवनागरीला शेकडो खिळे लागत, जुळाऱ्याच्या पुढ्यात केसेसची रांग लागे. वडिलांचा उजवा हात संध्याकाळी भाकरी मोडायलाही उठत नसे. तेव्हा लिपीच आटपशीर करावी असं थोर माणसांनी सुचवलं. सावरकरांनी अ-ची बाराखडी पुढे केली, म्हणजे 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु'. किर्लोस्कर मासिकांनी ती छापूनही दाखवली. हेतू प्रामाणिक होता. यंत्र बदलता येत नाही, तर लिपी बदलू, असा तो विचार होता. वाचकांनी तो स्वीकारला नाही, आणि खिळ्यांचा जमाना संपला तेव्हा आपली 'इ' शाबूत राहिली. आज आपण न बोलता तेच करतो आहोत. 'स्व'नं परिच्छेद सुरू करायचा नाही, शीर्षक लहान ठेवायचं, रोमन लिपीत मराठी लिहायचं. फरक एवढाच की आज यंत्र बदलता येतं. वर्डप्रेसचा सगळा कोड खुला आहे. दोष दिसला तर नोंदवता येतो, नोंदवलेला दोष कुणी दुरुस्त करतो की नाही हेही बघता येतं. जुळाऱ्याच्या पोरीला हे अप्रूप वाटतं. वडिलांच्या काळात फाउंड्रीनं चुकीचा खिळा ओतला तर तो आयुष्यभर वापरावा लागे.

एक फार सोपी गोष्ट सांगते, ती आज घरी जाऊनच करा. आपल्यातले बरेच जण पानाची भाषा इंग्रजीच ठेवतात, कारण मराठी केल्यावर मागची सगळी बटणं मराठीत येतात आणि ती भाषा आपल्याला जड जाते. पण मग ब्राउझरला वाटतं की हे पान इंग्रजी आहे. अंध वाचकाचं यंत्र ते इंग्रजी आवाजात वाचू लागतं, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असतात, त्यातूनही ते बाहेर येतच नाहीत, हिंदी वळणाचे येतात. २०१६च्या डिसेंबरपासून, म्हणजे ४.७ आवृत्तीपासून, पानाची भाषा वेगळी आणि आपल्या कामाच्या खोलीची भाषा वेगळी ठेवता येते. पान मराठी ठेवा. बटणं वाटल्यास इंग्रजी ठेवा, मी कुणाला सांगणार नाही.

आणि मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवा. जिओसिटीज २००९ साली गेलं, पोस्टेरस २०१३ साली, आणि मघाशी ज्याचं नाव घेतलं तो टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाला. पान कितीही सजवलेलं असो, घर भाड्याचं असतं. माझा स्वतःचा मजकूर एकदा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना पूर्ण प्रश्नचिन्हं झाला होता. तीन वर्षांचे लेख, आणि पानभर नुसते प्रश्न. प्रत होती म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

मागणं एकच आहे. वर्डप्रेसची नवी आवृत्ती येण्याआधी तिची चाचणी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली होते. ती आपल्या चालत्या पानावर लावू नका, वेगळ्या जागी लावा, आणि तिच्यात मराठी लिहून बघा. जे तुटेल त्याचं चित्र काढून दोष नोंदवा. इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं, चित्र बोलतं. मी माझ्या चाचणीच्या शब्दांचा एक कागद केला आहे. त्यात 'स्वयंपाक' आहे, 'आचाऱ्यांना' आहे, 'ॲ'चे दोन शब्द आहेत, आणि आजीच्या थालीपिठाचं ते लांब शीर्षक आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवायला जाताना एकेक घेऊन जा.