औषध बाधलं तर सांगा

(मुलुंडमधील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'औषधे सुरक्षितपणे कशी घ्यावीत'. गोळी जेवणाआधी की नंतर, अँटिबायोटिकचा कोर्स स्वतःच्या मनाने अर्धवट का सोडू नये, हे या सभागृहाला ठाऊक आहे. आजची संध्याकाळ एकाच आग्रहासाठी हवी आहे. नवं औषध सुरू झाल्यावर अंगात काही वेगळं जाणवलं, तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. गुपचूप सोसू नका आणि गुपचूप गोळीही बंद करू नका.

नंदिता वेंकटेशन ही मुंबईची पत्रकार. आतड्याच्या क्षयाने तिला दोनदा गाठलं. दुसऱ्या खेपेला, २०१३ साली, उपचारांत कानामायसिनची इंजेक्शनं होती. ही इंजेक्शनं चालू असतानाच एके दिवशी नंदिता झोपेतून उठली, तेव्हा ऐकू येणं थांबलेलं होतं. वय अवघं चोवीस.

हे घडतं कसं? कानाच्या आत, शंखासारख्या वळणदार नळीत, आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. कानामायसिनच्या जातीची औषधं तिथे साठतात आणि त्या पेशी मारतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुतेक वेळा आधी फक्त उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे घरातलं बोलणं नीट ऐकू येत राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही. काहींचे कान वाजू लागतात, काहींचा तोल जातो. म्हणून या इंजेक्शनांबरोबर श्रवणचाचणी पुन्हा पुन्हा करायची असते. 'कानात किणकिण होतेय' हे रुग्णाचं वाक्य तिथे तपासणीच्या रिपोर्टइतकं मोलाचं असतं.

नंदिता तेवढ्यावर थांबली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेचीही श्रवणशक्ती क्षयाच्या औषधांनीच गेली होती. दोघींनी मिळून २०१९ साली बेडाक्विलिन या क्षयाच्या गोळीच्या वाढीव पेटंटला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याआधीच, २०१८ साली, जागतिक आरोग्य संघटनेनेही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी कानामायसिन वापरू नये, अशी भूमिका घेतली होती. बेडाक्विलिनही निर्धोक नाही बरं का. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढत राहावा लागतो.

पहिल्या रांगेतून एक डॉक्टर म्हणतात, 'सगळे दुष्परिणाम सांगितले तर पेशंट गोळी घेणारच नाही.' भीती खरी आहे. पण रिफाम्पिसिनचं बघा. त्याने लघवी केशरी-लाल होते आणि त्यात अपाय काही नसतो. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्याच सोडून देतो. एथॅम्ब्युटॉलचं उलट आहे. लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, तर लगेच डॉक्टरांना गाठायचं असतं. कशाकडे दुर्लक्ष करायचं आणि कशाने धावत यायचं, एवढं तरी रुग्णाला कळायलाच हवं.

आता खोकला. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या शंभरातल्या पाच-दहा जणांना तरी कोरडा खोकला लागतो. कधी काही दिवसांत, कधी काही महिन्यांनी. घरचे म्हणतात, एलबीएस रोडची धूळ. शेजारचे म्हणतात, मेट्रोचं काम. (हशा) हसताय, म्हणजे ओळखीचं दिसतंय. या गोळ्यांचं मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा परिणाम वाढवणारं काहीतरी आहे, हे १९६५ साली सर्जिओ फेरेरा यांनी दाखवून दिलं. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ब्रॅडिकायनिनने रक्तवाहिन्या सैलावतात, पण या गोळ्यांमुळे तेच साठलं की घशात खवखव सुरू होते, असं मानतात. औषध कामही करतं आणि छळतंही!

मग माणूस केमिस्टकडून सिरप आणतो. सर्दी-खोकल्याच्या काही मिश्र सिरपांत फेनिलेफ्रिन असतं, आणि त्याने रक्तदाब चढू शकतो. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीचा खोकला, खोकल्याचं सिरप, सिरपने पुन्हा रक्तदाब. 'गोळी सुरू केल्यापासून खोकतोय' असं डॉक्टरांना सांगितलं, की बहुधा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी मिळते आणि काही आठवड्यांत घसा शांत होतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. साप फारच लांबला! स्टॅटिनने दुखणारे स्नायू, वेदनाशामकांनी होणारा पोटातला रक्तस्राव, सगळं राहिलं. तरी एवढं सांगायलाच हवं: चेहरा किंवा जीभ सुजली, दम लागला, अंगभर पुरळ उठून तोंड सोलवटलं, तर फोनची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

बाकी त्रासांची नोंद देशपातळीवरही होते. २०१०पासून चालणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं चालतात. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं लिहायचं. गोळ्यांची पट्टी फेकू नका. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.